दोन सीटच्या गाडीतला वास

माझ्या नवऱ्याला काही झालं नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. नोकरी गेली नव्हती, घरात कोणी वारलं नव्हतं, दारू नव्हती, भांडण नव्हतं. बियाण्यांच्या कंपनीत फिल्डवर काम करताना त्यांनी सगळा जालना जिल्हा पालथा घातला होता. कुठल्या गावात कोणाच्या कपाशीला बोंड जास्त लागलं हे त्यांना तोंडपाठ असायचं. मग एका सोमवारी ते उठले नाहीत. मंगळवारी उठले, चहा घेतला आणि परत आडवे झाले. त्यानंतर तसंच चालू राहिलं. राजीनामा मी टाईप केला. त्यांनी न वाचता सही केली.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. माझं स्वतःचं मेडिकल आहे, त्यामुळे गोळ्या दुसरीकडे मागायला जावं लागलं नाही आणि गल्लीत कोणाला कळलंही नाही. याच गोळ्या मी आजवर कितीतरी जणांना काउंटरवरून दिल्या होत्या. जेवणानंतर घ्या, मधेच बंद करू नका, फरक पडायला वेळ लागतो. आता हेच मी घरी सांगत होते. फरक पडला नाही. गोळ्या बदलल्या. मग झोप वाढली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना आधी कशाची आवड होती? ते काहीतरी परत सुरू करून बघा."

आवड एकच होती आणि ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. पुण्याच्या एका माणसाकडून घेतलेली जुनी स्पोर्ट्स कार. लाल, कापडी टपाची, दोन दारांची आणि दोनच सीटची. आमच्या रस्त्यावर सळयांचे ट्रक धावतात. त्यांच्या शेजारी ती उभी राहिली की ड्रायव्हरचं डोकं जेमतेम ट्रकच्या चाकाच्या उंचीला यायचं. ती घरी आणली त्या दिवशी मी म्हणाले होते, "माणसं तीन, सीट दोन. मुलीला डिक्कीत बसवायचं का?" ते म्हणाले होते, "आळीपाळीनं जाऊ ना." पुढे मुलगी पुण्याला शिकायला गेली, त्यांची फिल्डची कामं वाढली, आणि गाडी ताडपत्रीखाली गेली ती गेलीच.

मी त्यांना विचारलं, "गाडी सुरू करून घेऊ का?"

तोंड भिंतीकडे होतं. मी उत्तराची वाट न पाहता कपड्यांच्या घड्या घालायला लागले. दोन-तीन घड्या झाल्यावर म्हणाले, "झाली सुरू तर बघू."

त्याआधी कित्येक महिने 'नको' आणि 'राहू दे' याशिवाय मी काही ऐकलं नव्हतं. 'बघू' हे माझ्यासाठी पुष्कळ होतं. हा माणूस त्या गाडीत बसून घराबाहेर पडला तर पडला, नाहीतर माझ्याकडे दुसरं काहीच उरलेलं नव्हतं.

अंबड रोडच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. साठीचा माणूस, दाढीला मेंदी, बोलायला एकदम जोरात. त्याने ताडपत्री उचलली आणि हसायलाच लागला.

"भाभी, ही गाडी न्हाई, खेळणं आहे. साहेबांनी जत्रेतून आणली का?"

"सुरू होईल का ते सांगा."

"होईल की. का न्हाई होणार? मी आलो ना."

बॅटरी बदलली, जुनं पेट्रोल काढलं, प्लग घातले, कार्बोरेटर साफ केला, आणि गाडी खरोखर सुरू झाली. वर खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज मला आला. ती खिडकी मी सोडून कोणी उघडत नव्हतं.

गाडी धुळीने आणि उंदरांच्या घाणीने भरलेली होती. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून वॉशिंग सेंटरला पाठवली. रॅम्पवर चढवून वरून, आतून, खालून चांगली प्रेशरने धुऊन घ्या, कोपरान्‌कोपरा निघाला पाहिजे, असं मीच बजावून सांगितलं. गाडी चकचकीत होऊन आली.

रविवारी ते आंघोळ करून खाली आले. दाढी केली होती आणि हनुवटीवर एक काप गेला होता. आम्ही अंबड रोडला लागलो. ते गाडी चालवत होते आणि मी शेजारी बसून समोर बघत होते, कारण त्यांच्याकडे बघितलं तर काहीतरी बिघडेल असं मला वाटत होतं. गिअर बरोबर पडत होते. गावाबाहेर आल्यावर त्यांनी वेग वाढवला. मोकळा रस्ता होता, दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा होत्या. मी मनात दुपारच्या जेवणाचा बेतही ठरवून टाकला.

"वास येतोय," ते म्हणाले.

"कसला?"

"पेट्रोलचा. तुला न्हाई येत?"

येत होता. सीटच्या मागून, चांगला डोक्यात जाणारा. त्यांनी गाडी वळवली. घरी येऊन किल्ली फ्रिजवर ठेवली, वर गेले आणि पांघरूण घेतलं.

"वास गेला की सांग," एवढं म्हणाले.

म्हणजे आता काम ठरलं होतं. मला ठरलेलं काम आवडतं. माणसाच्या आत काय झालंय ते मला सापडत नव्हतं, पण पेट्रोल कुठून गळतंय ते शोधता येतं. ते पाइपातून, टाकीतून, कुठल्यातरी एका जागेतूनच येणार. मी तेवढ्यापुरती खूशच झाले म्हणा ना.

गॅरेजवाला परत आला.

"भाभी, जुन्या गाडीला वास येणारच. उतार वयात माणसाला न्हाई का येत?"

"तुमचं तुमच्यापुरतं बोला. आणि आधी ती बिडी विझवा."

"बिडी लांब है भाभी."

"बिडी लांब आहे, तुम्ही जवळ आहात. विझवा."

त्याने बिडी विझवून कानामागे खोचली. त्याचं म्हणणं पडलं की इंजिनाकडचे रबरी पाइप कडक झालेत. ते खरंही होतं, दोन पाइप हातात घेताच मोडले. सगळे पाइप नवे घातले.

"आता बिलकुल येणार न्हाई. आला तर माझं नाव बदला."

संध्याकाळी मी वर जाऊन सांगितलं. ते खाली आले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले, काचा वर केल्या. मी शेडच्या खांबाला टेकून उभी. थोड्या वेळाने दार उघडलं.

"आहे."

मी आत डोकं घालून बघितलं. होताच.

"नवीन नाव कोणतं ठेवायचं?" मी गॅरेजवाल्याला फोनवर विचारलं.

मग त्याने पेट्रोल भरायच्या तोंडाचा पाइप बदलला. त्याच्या आतून बारीक भेगा होत्या, म्हणजे तेही चूक नव्हतं. ते खाली आले, बसले, "आहे" म्हणाले आणि वर गेले. मग टाकीच्या वरचं झाकण, ज्यात पेट्रोल किती आहे ते दाखवणारा फ्लोट असतो, त्याचं पॅकिंग. या गाडीत टाकी सीटच्या पाठीमागे, डिक्कीच्या तळाखाली आहे. मधे एक पातळ पत्रा, त्यामुळे तिकडे थेंबभर सुटलं तरी वास सीटवर. पॅकिंग वाळून तडकलं होतं. नवं घातलं. ते खाली आले.

"आहे."

प्रत्येक वेळी काहीतरी खरोखर खराब सापडायचं आणि प्रत्येक वेळी वाटायचं की हेच होतं. गोळ्यांचंही आमचं तसंच चाललं होतं.

मग मी स्वतः हातात घेतलं. दुकानातून बिनवासाची टाल्कम पावडर आणली आणि टाकीच्या वरच्या बाजूला, प्रत्येक जोडावर, नटाभोवती मऊ ब्रशने मारली. पेट्रोल लागलं तर पावडर ओली होऊन काळपट दिसेल असा हिशोब. सकाळी टॉर्च घेऊन डिक्कीत डोकं घातलं. पावडर मारली तशी कोरडी, पांढरी. वास मात्र भरपूर.

"हे काय लावून ठेवलं भाभी? बाळाची मालिश करून राह्यल्या का?" गॅरेजवाला म्हणाला.

"तुमच्याच्याने होत नाही म्हणून करतेय."

"मी तुम्हाला सांगतो खरं कारण. कार्पेट. पेट्रोल कार्पेटात मुरलंय."

मी कार्पेट उपटून काढलं, दोन्ही सीटही काढून घेतल्या. कार्पेट साबणाच्या पावडरीत भिजवलं, गच्चीवर उन्हात टाकलं. उन्हाळ्याचे दिवस होते, संध्याकाळपर्यंत ते पापडासारखं झालं. आतला पत्रा पुसून काढला, खाण्याचा सोडा पसरून ठेवला, आणि आता सगळं स्वच्छ करायचंच आहे तर म्हणून गाडी पुन्हा वॉशिंग सेंटरला पाठवली. वरून, आतून, खालून.

परत आली तेव्हा वास वाढला होता.

"ओलीमुळं," गॅरेजवाला म्हणाला. "ओल गेली की जाईल." मला ते पटलं. ओल गेली, वास थोडा उतरलाही. पण राहिला.

आता तो वास माझ्या केसांत, ओढणीत, पोळीच्या कणकेत शिरला होता. काउंटरवर एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, पेट्रोल पंप बी घेतला का काय?" दुसऱ्या कोणीतरी विचारलं, "साहेब दिसत न्हाईत बऱ्याच दिवसांत?" मी म्हणाले, "गाडीच्या कामात आहेत." खोटं बोलले असं वाटलं नाही. गाडीचं काम चालू होतं आणि ते त्याच घरात होते.

माझे धाकटे दीर भोकरदनला शिक्षक आहेत. ते दर आठवड्याला फोन करायचे.

"वहिनी, त्याला इकडं घेऊन या. चार माणसांत बसला की बरोबर होतो का न्हाई बघा. घरात कोंडून माणूस सडतो."

"कोंडलं नाहीये कोणी, भाऊजी."

"तसं न्हाई म्हणलो मी. पण तुम्ही दिवसभर दुकानात. तो भिंतीशी काय बोलणार? इथं बौद्धवाड्यात नुसता जय भीम करत हिंडला तरी दुपार निघून जाईल."

"गाडीचं काम झालं की येतो."

"गाडीचं काय घेऊन बसला? एसटी न्हाई का?"

"ते एसटीने येणार नाहीत. गाडी झाली की येतील."

दीर मनाने चांगले आहेत. पण त्यांना वाटायचं की आपला भाऊ रुसलाय आणि त्याची कोणीतरी समजूत काढायला पाहिजे. मुलगी वेगळं म्हणायची. "आई, बाबांना फोर्स करू नको." तिकडून ओढ, इकडून सोड. मी दोघांनाही हो म्हणत होते आणि घरी येऊन डिक्कीत डोकं घालत होते.

तिसऱ्यांदा गाडी धुतली ती माझ्या मनात नसताना. वादळात शेडचा एक पत्रा उचकटला आणि त्यावरचा सगळा कचरा तिच्यावर पडला म्हणून. धुऊन आली आणि आम्हाला शेडमध्ये उभं राहवेना. या वेळी हवा कोरडी होती, ओल तासाभरात गेली असेल. वास गेला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की धुतलं की वाढतो. एखाद्या पेशंटला गोळी सुरू केल्यावर पुरळ आलं आणि बंद केल्यावर गेलं, तर आपण काय समजतो? मग मी गाडीच्या बाबतीत इतके दिवस काय करत होते?

मी गॅरेजवाल्याला म्हणाले, "गाडी रॅम्पवर घ्या. पण पाणी मारायचं नाही. मला खालून बघायचंय."

"खालून मी बघितलंय भाभी."

"मी नाही बघितलं."

त्याच्या गॅरेजमागे खड्डा आहे, त्यावर गाडी घेतली. मी ओढणी कमरेला बांधली आणि खड्ड्यात उतरले. तो वर उभा राहून म्हणाला, "या खड्ड्यात आजपर्यंत एक बी बाई उतरली न्हाई."

"तरीच इतका घाण आहे."

टाकीचा तळ दोन पत्र्यांचा, कडेला दुमडून जोडलेला. त्या जोडावर मधेच एक पोचा होता, दगड लागल्यासारखा. आणि पोच्याच्या बाजूने बोटभर लांबीचा, फिकट गुलाबी, मेणासारखा काहीतरी थर. एका टोकाला तो धुपून पातळ झाला होता आणि तिथे पेट्रोलची ओली कड चमकत होती.

"एम-सील है ते," तो वरून वाकून म्हणाला. "जुनं. कोणीतरी लावलंय. पक्कं आहे."

मी नख मारलं. नख आत गेलं. एम-सीलमध्ये नख जात नाही. मी बोट पाण्याच्या बाटलीत बुडवून त्यावर घासलं. फेस आला.

अंगाचा साबण होता.

"या अल्ला," गॅरेजवाला म्हणाला, आणि खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला. मग म्हणाला, "ट्रकवाले करतात भाभी असं. टाकी फुटली, आसपास कोणी न्हाई, तर साबणाची वडी घासायची. पेट्रोल-डिझेलमध्ये साबण विरघळत न्हाई. वर्षं निघतात त्याच्यावर. फक्त पाणी लागू द्यायचं न्हाई."

आणि मी तिला तीनदा खालून प्रेशरने धुतली होती. वास घालवण्यासाठीच धुतली होती. पहिल्या रविवारी जो वास आला, तोही आदल्या दिवशीच्या धुण्याचाच.

मला राग आला नाही. उलट हलकं वाटलं. सापडलं होतं. घरी येताना मी वाटेत गुलाबजामचा डबा घेतला. असल्या गोष्टी मी सहसा करत नाही.

ते स्वयंपाकघरात पाणी पीत उभे होते. मी म्हणाले, "सापडलं. सांगितलं तर खरं वाटणार नाही. कोणीतरी टाकीला साबण लावून ठेवलाय. आधीच्या मालकाने लावला असेल. पुण्याचा माणूस, म्हटलं, हा कुठे ट्रकवाल्यांकडून शिकला?"

त्यांनी ग्लास उपडा ठेवला.

"मीच लावला होता," ते म्हणाले.

"काय?"

"तीर्थपुरीला तुझ्या मामेबहिणीच्या लग्नाला गेल्तो ना आपण. रस्त्यात खडी पडलेली होती. दगड उडून लागला खालून. तिथं मांडवात गेल्यावर बघितलं तर थेंब पडून राह्यले होते. मंग त्यांच्याकडून साबण मागून घेतला."

मला ते लग्न आठवलं. पंगत बसायची होती, ताटं वाढलेली आणि जावई गायब. बाहेर गाडीखाली आडवे झालेले कोणाला दिसले नव्हते. हात धुवायला नवी वडी मागून नेली आणि अर्धीच परत आणली म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या एक मावशी म्हणाल्या होत्या, "जालन्याला पाणी न्हाई, म्हणून इथं धुऊन घेतलं वाटतं जावयानं." मीही हसले होते. त्यांनी मला कारण सांगितलं नव्हतं, कारण परतीचा प्रवास होता आणि मी त्या गाडीत बसले नसते.

"तुम्हाला हे आठवत होतं?" मी विचारलं. "की आत्ता आठवलं?"

त्यांनी उपडा ठेवलेला ग्लास थोडा बाजूला सरकवला.

"अहो, मी विचारतेय."

"आठवत होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग सांगितलं का नाही? मी कार्पेट उपटलं. मी खड्ड्यात उतरले."

"तू शोधून राह्यली होती," ते म्हणाले. एवढंच. मग वर गेले. गुलाबजामचा डबा ओट्यावर होता. मी तो फ्रिजमध्ये ठेवला, कारण बाहेर राहिला असता तर मुंग्या आल्या असत्या.

टाकी उतरवली. पूर्ण रिकामी करून, आतून पाण्याने धुऊन, पाणी भरलेलं ठेवूनच तळाला वेल्डिंग करतात, तसं करून घेतलं. रंग मारला, वाळवली, परत बसवली, कार्पेटही नवं घातलं. ते आठवडाभराचं काम होतं आणि त्या आठवड्यात आम्ही दोघांनी गाडीविषयी एक शब्द काढला नाही. मला विचारायचं नव्हतं असं नाही. पण उत्तर काय येणार याचा मला अंदाज होता, आणि अंदाज तपासून बघायची मला भीती वाटत होती. मला सहसा भीती वाटत नाही.

गॅरेजवाला गाडी सोडायला आला तेव्हा त्याने आत बसून छाती भरून श्वास घेतला. "बघा भाभी. अत्तराचं दुकान."

तो गेल्यावर मी वर जाऊन म्हणाले, "गाडी झाली."

ते आले. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, काचा वर केल्या. या वेळी मी खांबाला टेकून उभी राहिले नाही. दुसऱ्या बाजूने जाऊन शेजारी बसले आणि दार लावून घेतलं. आत नव्या कार्पेटचा आणि रबराचा वास होता. दुसरं काही नाही. मी मुद्दाम मान मागे वळवून सीटच्या फटीजवळ नाक नेलं. काही नाही.

त्यांचे हात स्टिअरिंगवर होते. चांगले हात आहेत त्यांचे, कामाचे.

"न्हाई येत आता," ते म्हणाले.

"मग चला. फार नको. चौफुलीपर्यंत."

ते बसून राहिले. शेडमध्ये उकडत होतं. मी काच खाली करायला हात नेला, मग तसाच ठेवला.

"मला वाटलं होतं सुरू झाली की काहीतरी होईल," ते म्हणाले. समोरच्या भिंतीकडे बघत होते. "त्या दिवशी अंबड रोडला. वेग वाढवला बघ मी. तुला वाटलं असेल मजा येऊन राह्यली. मी बघत होतो काही होतंय का. काहीच न्हाई झालं. जसं घरात पडलेलो असतो तसंच. नुसतं पडलेलो न्हाई, बसलेलो. तेवढाच फरक."

त्यांनी अंगठा स्टिअरिंगवरून फिरवला.

"मंग वास आला. बरं वाटलं मला. म्हणलं, आता ही शोधत बसेल. तू शोधत होती तोपर्यंत मला कोणी चल म्हणत नव्हतं. गाडी झाली की, गाडी झाली की. भावाला बी तू तेच सांगायची. मला वरती ऐकू यायचं."

"आणि खाली येऊन 'आहे' म्हणायचे ते?"

"होताच की. खोटं कधी म्हणलो?"

ते खरं होतं. एकदाही खोटं बोलले नव्हते.

"तुझी लई मेहनत झाली," ते म्हणाले. मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही. दुकानात उधारीवर औषध नेणारी माणसं असं बोलतात.

मी म्हणाले, "मेहनतीचं जाऊ द्या. आता काय करायचं?"

"माहीत न्हाई."

"डॉक्टरांकडे परत जाऊ. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ."

"तुम्ही याल?"

"तू म्हणली तर येईन."

एवढं बोलून त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. उतरताना दार हळू लावलं. त्या गाडीचं दार आपटलं की त्यांचा जीव जायचा, पूर्वी. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली आणि मग पलंग.

मी बराच वेळ तिथेच बसले. इतके आठवडे मला रोज उद्याचं काम माहीत असायचं. पाइप, पॅकिंग, पावडर, कार्पेट. रात्री पडल्या पडल्या मी त्या टाकीचा विचार करायचे आणि झोपही लागायची. आता टाकी पक्की होती. मी सीटच्या मागे पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. खरं सांगायचं तर मला वास यायला हवा होता.

दुसऱ्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. टॅक्सी करून. त्यांनी गोळ्या बदलल्या, मी त्या दुकानातून आणल्या, मीच जेवणानंतर घ्या म्हणाले, फरक पडायला वेळ लागतो म्हणाले. ते घेतात. कुरकुर करत नाहीत. एखाद्या दिवशी खाली येऊन वर्तमानपत्र हातात धरतात. मी पान उलटल्याचा आवाज येतो का ते ऐकत असते. बहुतेक वेळा येत नाही.

भोकरदनहून दिरांचा फोन त्याच महिन्यात आला. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"वहिनी, आता काय बी ऐकणार न्हाई मी. सख्खा काका आहे तो. हळदीच्या आदल्या दिवशी दोघंबी इथं पाहिजे. गाडी झाली ना? गॅरेजवाला मला जालन्यात भेटला होता, म्हणला वेल्डिंग केलं टाकीला."

मी खोलीच्या दारात उभी होते. ते पलंगावर होते, तोंड भिंतीकडे, पण डोळे उघडे होते. मला कडेने दिसत होतं. श्वास रोखल्यासारखे पडून होते.

त्यांना ओढून नेलं असतं तर ते आले असते. तू म्हणली तर येईन, असंच म्हणाले असते. मांडवात खुर्चीवर बसले असते, आणि ज्याने त्याने येऊन विचारलं असतं, काय साहेब, काय झालं? आणि काहीच झालेलं नसल्यामुळे त्यांना काही सांगता आलं नसतं.

"वेल्डिंग केलं हो," मी म्हणाले. "पण वास अजून येतोच आहे, भाऊजी."

"म्हणजे? टाकी तर नवी केल्यासारखी आहे म्हणला तो."

"त्याला काय कळतंय. दुसरीकडून कुठूनतरी येतोय. मी शोधतेय. लग्नाला मी येईन एसटीने. यांचं गाडीचं काम झालं की बघू."

पलीकडून ते काहीतरी चिडून बोलत होते. मी हो हो म्हणत होते. पलंगावर श्वास परत सुरू झाला आणि थोड्या वेळाने डोळे मिटले. मी फोन बंद केला. दुकान उघडायची वेळ झाली होती. जाताना शेडमध्ये गेले, गाडीची डिक्की उघडली, नवं कार्पेट उचललं आणि पान्हा आपटला, वर ऐकू जाईल इतक्या जोरात.